चुन्याची डबी

परवा भाजी चिरताना माझं बोट कापलं. शेजारच्या बाई धावत आल्या आणि म्हणाल्या, "काका, थांबा, हळद आणते." मी विचारलं, "कुठल्या दुकानातली?" बाई थबकल्या. मी पुढे विचारलं, "दळलेली आणली, की हळकुंडं आणून घरी कुटलीत? चुना लावून पाहिली होती का?" म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. मी बोट तसंच नळाखाली धरलं आणि त्यांना घरी पाठवून दिलं. नंतर वाईट वाटलं. त्या बिचारीचा काय दोष? आणि खरं म्हणजे तो प्रश्न माझा नव्हताच. तो आमच्या सोलापूरच्या घरमालकांचा प्रश्न. त्यांनी तो साऱ्या गावाला विचारला, फक्त जिथे विचारायचा तिथे विचारला नाही. त्या एका गोष्टीचा राग मला इतक्या वर्षांनीही गिळता येत नाही.

सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या आधीची ही गोष्ट. मी टेंभुर्णीकडचा. शाळामास्तराची नोकरी लागली म्हणून नवी बायको आणि एक वळकटी घेऊन सोलापुरात आलो आणि विणकरांच्या पेठेत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पेठेत घराघरांत माग. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, आणि भांडण पेटलं की त्यात कानडी आणि दख्खनीही यायची. आमचे घरमालक मूळचे मैंदर्गीचे. धंदा सूत रंगवण्याचा. सगळी पेठ त्यांना आप्पा म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो.

आप्पांचे हात कोपरापर्यंत रंगलेले असत. या आठवड्यात कुठलं सूत रंगवलं ते त्यांच्या हातांकडे बघून कळायचं. निळे हात घेऊन जेवायला बसायचे आणि बायको ओरडली की म्हणायचे, "रंग पोटात जाऊन काय मला मोर करनार हाय व्हय?" अंगणात रंगाचे चार हौद होते. निळा, तांबडा, हिरवा कुणीही करील, पण आप्पांचा पिवळा साऱ्या सोलापुरात दुसऱ्या कुणाला जमत नसे. विलायती पिवळ्या पुडीत ते तांबड्याची एक चिमूट घालायचे. किती, ते कुणाला सांगत नसत. त्या पिवळ्याला ते 'हळदी' म्हणत. लग्नाच्या पातळांसाठी विणकर तोच मागत. ज्यांना घरी सूत रंगवायचं असेल त्यांच्यासाठी आप्पा हळदीची तयार पूड करून पुड्या बांधून विकत. "पिकल्या हळकुंडाचा रंग हाय ह्यो," ते म्हणायचे, "सूत बघून माशीसुदीक फसंल." सूत बघून माशी कशी फसते हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तासभर सुटका नव्हती.

आता एवढा हळदीचा रंग करणारा माणूस खऱ्या हळदीच्या बाबतीत वेडा असावा, यात नवल नाही. पण वेडाला काही मर्यादा असते. आप्पांच्या मते हळद हाच घरातला डॉक्टर. कापलं, हळद दाबा. मुरगळलं, हळद आणि चुना गरम करून लेप द्या. खोकला, गुळात हळद. पोराला दृष्ट लागली तरी हळदच. शाळेत एकदा एका पोराचा गुडघा फुटला, तेव्हा हेडमास्तरांनी आयोडीन लावलं. ते ऐकून आप्पा संध्याकाळी माझ्यावर तुटून पडले. "आयडिन म्हंजे काय, मास्तर? कातड्याचं रंगकाम! मी रंगारी हाय, मला शिकवतोस? औषध येगळं, रंग येगळा!"

हे वाक्य त्यांचंच. मी त्यात माझा एक शब्दही घातलेला नाही.

आप्पा तंबाखू खात नसत, पानही खात नसत, तरी कमरेला चुन्याची पितळी डबी असे. ती हळदीसाठी. कुठलीही हळद दिसली की आप्पा तिची चिमूट घेऊन स्वतःच्या धोतराच्या सोग्यावर चोळत आणि वर बोटभर चुना फासत. आता, हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे पोरीबाळींनाही ठाऊक असतं. कुंकू तसंच करतात. पण हळदीत पीठ आणि रंग मिसळलेला असला तर ती नीट लाल होत नाही, नारिंगी होते आणि पिवळं मागं उरतं. आप्पा सोगा उजेडात धरून बघत. लाल झाली तर म्हणत, "खरं." नाही झाली तर म्हणत, "सुळ्ळ!" सुळ्ळ म्हणजे कानडीत खोटं. हा शब्द ते इतक्या जोरात म्हणत की दुकानातलं गिऱ्हाईक दचकून मागे सरे. त्यांच्या सोग्यावर नेहमी तांबडे डाग असत. नवख्या माणसाला वाटे, काय घाणेरडा म्हातारा आहे, पान खाऊन अंगावरच थुंकतो.

बाजारातले किराणा दुकानदार आप्पा दिसले की हळदीचं पोतं आत ओढून घेत. एकाने तर पाटी लावली होती, हळद संपली. आप्पा पाटीखाली बसून राहिले. "संपली तर येईल की. मला कुटं घाई हाय," असं म्हणून दुपार होईपर्यंत हलले नाहीत.

एका लग्नात मी स्वतः होतो. नवऱ्या मुलाला हळद लावायला बायका जमल्या होत्या. गाणी चालू होती. आप्पा उठले, बायकांच्या घोळक्यात घुसले, मुलीकडून आलेल्या वाटीतली हळद सोग्यावर घासली आणि "सुळ्ळ!" म्हणून गर्जले. गाणं बंद पडलं. मुलीची आई रडायला लागली, मुलाकडची माणसं हसायला लागली, आणि मुलीचा मामा आप्पांचा हात धरून त्यांना मांडवाबाहेर ओढायला लागला. आप्पा ओढले जाताना ओरडत होते, "अंगाला लावनार हाईसा! तोंडाला लावनार हाईसा! एवडं तरी खरं असू द्या की!" मी मान खाली घालून पत्रावळीकडे बघत होतो, जणू या माणसाच्या घरात मी राहतच नाही. आता वाटतं, त्या मांडवात खरं बोलणारा तेवढा एकच माणूस होता आणि आम्ही सगळे त्याला हसलो.

पण राग त्याचा नाही. राग पुढच्याचा आहे.

पेठेच्या कोपऱ्यावर अण्णांचं किराण्याचं दुकान होतं. अण्णा आणि आप्पा लहानपणचे मित्र. दोघंही मैंदर्गीहून एकाच बैलगाडीतून सोलापुरात आलेले. आप्पा रोज संध्याकाळी हात धुऊन अण्णांच्या दुकानाच्या फळीवर जाऊन बसत. अण्णा गोड बोलणारे, पोरांच्या हातावर गुळाचा खडा ठेवणारे. विणकरांच्या बायकांना हळकुंडं कुटायला वेळ नसे. अण्णा दळलेली हळद ठेवत. पिवळीधमक. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात आप्पांनी माझ्या बायकोला बजावलं होतं, "लेकी, दुसरीकडं घ्यायची तर हळकुंड घे आन घरी कूट. दळलेली फकस्त अण्णाकडनं घ्यायची. डोळे झाकून घे." तिने घेतली. डब्यात ओतताना मला हाक मारून म्हणाली, "बघा तरी, रंग कसा झ्याक हाय." मीही वाकून पाहिलं आणि वा म्हटलं.

मी मास्तर. मला प्रश्न विचारायची खोड. एकदा आप्पांना म्हटलं, "अण्णांची हळद तपासलीत का हो कधी?"

आप्पांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या आईला शिवी दिली. "मैतराच्या दुकानात डबी काढू? उद्या म्हनशील, बायकोच्या भाकरीत खडे हुडका!" आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

आमच्या पेठेत विणकर सुताचा ताणा भर रस्त्यात बांबूंवर ताणून त्याला खळ लावत. ताणा उचलला की रस्त्यात बांबूचे कपचे पडलेले असत. एका सकाळी माझी बायको पाणी घेऊन येत होती. बांबूची एक लांब कपची तिच्या उजव्या पायात बोटांच्या खाली शिरली. मी ती ओढून काढली. आप्पा धावत आले, आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी आमच्याच डब्यातली मूठभर हळद जखमेत दाबली आणि धोतराची पट्टी बांधली. मी म्हटलं, "दवाखान्यात नेऊ का?" आप्पा म्हणाले, "चार दिस थांब. हळद समदं वढून काढती. तिकडं नेशील तर पाय रंगवून धाडतील."

मी थांबलो. हे मी लपवणार नाही. शिकलेला माणूस मी, शाळेत पोरांना आरोग्याचा धडा शिकवणारा, आणि मी चार दिवस थांबलो. रोज पट्टी सोडायची, ताजी हळद दाबायची, नवी पट्टी बांधायची. पाय पिवळाजर्द दिसायचा. त्या पिवळ्याखाली काय चाललंय ते कुणाला दिसलंच नाही. पाचव्या दिवशी तिला ताप चढला आणि ती असंबद्ध बोलायला लागली, तेव्हा मी टांगा केला.

डॉक्टरांनी पाय धुतला, आणि मग दिसलं. दोन बोटं काढावी लागली. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं, असं ते म्हणाले. मी विचारलं, "हळदीनं झालं का?" डॉक्टर थकलेले होते. म्हणाले, "कशानं झालं ते मी छातीठोक सांगू शकत नाही, मास्तर. पण जखम झाकून ठेवली ना, ते वाईट झालं."

ती दवाखान्यात होती तेव्हा मी एका सकाळी घरी येऊन जुन्या पट्ट्या धुतल्या. सोडा घालून, आपटून धुतल्या आणि अंगणातल्या दोरीवर टाकल्या. दिवसभर ऊन होतं. संध्याकाळी शाळेतून आलो तर आप्पा दोरीसमोर उभे होते. त्यांच्या एका हातात पट्टी होती, दुसऱ्या हातात उघडी डबी.

"मास्तर, ह्या सोड्यात धुतल्यास?"

"हो."

"सोड्यात हळद तांबडी व्हाया पायजे. आन दिसभर ऊन लागलं की उडून जाती ती. हळदीचा रंग काय टिकतोय व्हय उनात?" त्यांनी पट्टीवर चुना फासला. पट्टी पिवळी ती पिवळीच राहिली. मग त्यांनी ती डोळ्याजवळ नेली, उलटली, परत सुलटी केली. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. "ह्यात तांबड्याची चिमूट हाय," ते म्हणाले. "मास्तर, ह्यो माझा पिवळा हाय."

तसेच ते चालायला लागले. मी मागोमाग गेलो. अण्णांच्या दुकानात पाच-सहा बायका होत्या. आप्पांनी पट्टी तराजूच्या पारड्यात टाकली.

"अण्णा, ह्यो रंग कुनाचा हाय?"

अण्णांनी पट्टीकडे बघितलं, हातातली गुळाची ढेप खाली ठेवली. "तुझा दिसतोय."

"बहिनीच्या मागाला पायजे म्हनून पुड्या नेल्यास. दर म्हैन्याला नेल्यास. हळदीत कसा आला?"

मला वाटलं, आता अण्णा शपथा खातील, कानावर हात ठेवतील. तसं काही झालं नाही. शांतपणे, समजूत घालावी तसं ते म्हणाले, "आप्पा, नुसती हळद फिक्की दिसती. बाया म्हनत्यात, शिळी हाय, नको. घालावंच लागतंय. धा दुकानं तूच फिरलाईस, कुनाची खरी निघाली? मग घालायचाच तर चांगला घालावा म्हनून तुझा घातला." आणि थोडं थांबून म्हणाले, "तू तर रोज हितं बसत हुतास. एक डाव तरी डबी काढलीस का?"

आप्पांनी मान खाली घातली. मी बोललो. माझ्या बायकोची दोन बोटं गेली होती आणि मला ओरडायचं होतं. ओरडायला हवं होतं अण्णांवर. पण अण्णा ताठ बसले होते आणि आप्पा मान खाली घालून उभे होते, म्हणून मी ओरडलो आप्पांवर. साऱ्या गावाचे डबे तपासता आणि स्वतःच्या मित्राच्या पायाशी बसता? लग्नं मोडता आणि इथे डोळे झाकता? काय वाटेल ते बोललो. बायका ऐकत होत्या. आप्पा म्हणाले, "व्हय." एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी पिवळ्या हौदाचं बूच काढलं आणि रंग गटारात सोडून दिला. मग पेठेत निघाले. अण्णांकडून हळद नेणाऱ्या प्रत्येक दारात उभे राहून सांगायचे, "तुमच्या हळदीत माझा रंग हाय. मी केला, मी इकला. डबा रिकामा करा. पोराला देऊ नका."

माझी कल्पना होती की लोक आता अण्णांच्या दुकानावर जातील. कुठलं काय! लोक आप्पांवरच उसळले. तूच रंग करायचा आणि तूच बोंब मारायची? एका बाईने लेकराला सारा हिवाळा खोकल्यासाठी गुळात हळद चाटवली होती. तिने घरातून डबा आणला आणि अख्खा आप्पांच्या डोक्यावर ओतला. आप्पा तसेच पुढच्या दाराशी गेले. संध्याकाळी घरी आले ते डोक्यापासून पायापर्यंत पिवळे, नवरदेवासारखे, आणि गल्लीतली पोरं मागून टाळ्या पिटत होती. अण्णांच्या दुकानातली गर्दी आठ दिवस थोडी कमी झाली, मग होती तशी झाली. पुढच्या गणपतीत मंडळाचे अध्यक्ष अण्णाच. आरतीचं तबक त्यांच्या हातात. मला आजही हे सांगताना दात खावेसे वाटतात.

आप्पांनी अंगावरची ती पिवळी झालेली पैरण धुऊन अंगणात दोरीवर टाकली आणि काढली नाही. आठ दिवस उन्हात ती तशीच लटकत होती. त्यांच्या बायकोने काढायला हात घातला तर खेकसले. नवव्या दिवशी मी शाळेत निघालो होतो. ते पैरणीसमोर बसले होते. खांद्यावर, बाहीवर ठिकठिकाणी पिवळं तसंच होतं.

"ऊन लागलं की हळद उडती, मास्तर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "उरलं ते माझं."

मी शाळेच्या वाटेला लागलो. मला दया आली नाही, खोटं कशाला सांगू. मी दुसरीकडे खोली बघून ठेवली होती. बायको दवाखान्यातून काठी टेकत घरी आली, त्याच्या चौथ्या दिवशी मी सामान बांधायला काढलं.

ती म्हणाली, "जायच्या आधी मला बाजारातनं हळकुंडं आनून द्या."

"हळद? अजून हळद?"

"आनून तर द्या."

आणून दिली. पट्टी बांधलेला पाय लांब करून ती उंबऱ्यात बसली आणि खलबत्त्यात हळकुंडं कुटायला लागली. कुटून झाल्यावर पूड वाटीत घेतली, काठी टेकत अंगणात गेली आणि आप्पांसमोर वाटी धरली. आप्पांनी तोंड फिरवलं. कमरेला डबी नव्हती. अण्णांच्या दुकानातल्या त्या दिवसापासून ती कोनाड्यात पडून होती.

"बघा की," ती म्हणाली.

"कशाला, लेकी? आता मला कोन इचारतंय?"

"मी इचारतेय. हळकुंडालाबी वरनं रंग चोपडत्यात, तुमीच सांगितलं हुतं."

"नगं. माझ्यानं न्हाई व्हायचं."

माझी बायको कधी चढ्या आवाजात बोलत नसे. त्या दिवशी अंगणभर ऐकू गेलं. "आप्पा, माझी दोन बोटं गेली ती तुमी एका दुकानात डबी काढली न्हाई म्हनून. आता माझ्या घरात काढा!"

आप्पांनी तिच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिलं. मग उठले. कोनाड्यातून डबी आणली. झाकण घट्ट बसलं होतं, दोनदा हात घसरला. वाटीतली चिमूट सोग्यावर ठेवून चोळली, वर चुना फासला आणि सोगा उन्हात धरला. मी दारातून बघत होतो. कुंकवासारखा लाल डाग हळूहळू पसरत गेला. आप्पांनी तो माझ्या बायकोला दाखवला, जणू तिला दिसत नव्हता.

"खरं हाय, लेकी," ते म्हणाले, आणि पोरासारखे रडायला लागले.

ती वाटी घेऊन परत आली, माझ्या जवळून स्वयंपाकघरात गेली आणि हळद डब्यात भरायला लागली. वळकटीची दोरी माझ्या हातात होती. मी खाली बसून गाठ सोडायला घेतली.